त्याची वीस वर्षं तुमच्याकडे आहेत

माझा थोरला भाऊ, दादा, फेब्रुवारीत गेला. वय 43. तासगावात त्याचं मोटार भरायचं, म्हणजे जळालेल्या पाण्याच्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान होतं. सकाळी शटर उघडलं, दारात पाणी मारलं आणि खुर्चीत बसला तो बसलाच. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आधी कसलाही त्रास नव्हता.

मी 39 वर्षांची. लग्नाला 15 वर्षं झाली, पुण्यात असते. तिकडे आई, वहिनी आणि 7 वर्षांचा भाचा. आई दिवसभर दादाचंच बोलते. वहिनी त्याच्याबद्दल अवाक्षर काढत नाही, फक्त त्याच्या नंबरला न चुकता रिचार्ज मारते. भाच्याला ‘बाबा देवाघरी गेलेत’ एवढंच सांगितलंय. तो विचारतो, परत कधी येणार? चुलते म्हणतात, वर्षश्राद्धाला चौकात मोठा फ्लेक्स लावू आणि स्टँडवर त्याच्या नावाचं बाकडं देऊ. दुकानातली उधारीची वही वहिनीने माझ्याकडे दिलीय, ‘वसुलीचं काही होतंय का बघा’ म्हणून. मला ती उघडवत नाही.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. वडील गेल्यावर दादाने हक्कसोडपत्राचा कागद माझ्यापुढे ठेवला. विचारलं नाही, समजावलं नाही, ‘इथे सही कर’ म्हणाला. मी केली. पण पुढे सात-आठ महिने त्याच्याशी तुटकच बोलत होते. गेल्या भाऊबीजेला तो आला. फार बोलला नाही. आमच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज ऐकून ‘बेअरिंग गेलंय’ म्हणाला, बाजारातून नवं आणलं आणि दोन तास खाली बसून ते बसवून गेला. तीच शेवटची भेट. आता सगळे म्हणतात, देवमाणूस होता. मीही मान हलवते, आणि आतून खोटं वाटतं. भाऊबीज तोंडावर आलीय. मी त्याला आठवू तरी कशी?

– धाकटी बहीण, पुणे

ताई,

तुमच्या पत्रात आई कशी आहे ते आहे, वहिनी कशा आहेत ते आहे, भाचा काय विचारतो ते आहे. तुम्ही कशा आहात, याचं एक वाक्य नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. भाऊ गेलेल्या बहिणीला लोक भेटतात तेव्हा विचारतात काय? ‘आई कशी आहे आता?’ ‘वहिनी सावरल्या का जरा?’ आणि जाता जाता, ‘आता तुलाच बघायला हवं सगळ्यांकडे.’ म्हणजे तुमच्याकडे येतात ते दुसऱ्यांची खबर घ्यायला. आपल्या रीतीतही तेच आहे. लग्न झालेल्या बहिणीला माहेरचं दहा दिवसांचं सुतक नसतं. कुठे तीन दिवस धरतात, कुठे त्याहूनही कमी. आंघोळ केली की तुम्ही मोकळ्या. ज्याच्या पाठीवर जन्मलो, त्याचं दुःख इतक्यात फिटतं असं कुणाला खरंच वाटत असेल असं नाही, पण एकदा हिशेब तसा ठरला की सगळे त्या हिशेबाने वागतात. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1989 साली या प्रकाराबद्दल लिहिलं: दुःख खरं असतं, पण भोवतालचे लोक त्याला मान देत नाहीत, म्हणून ते माणसाला चोरून करावं लागतं. तुम्ही नऊ महिने तेच करताय.

तेव्हा आधी तुमच्या दुःखाबद्दल बोलते, आईच्या आणि वहिनींच्या दुःखाबद्दल नंतर.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मी एक हिशेब मांडला. दादा तुमच्याहून 4 वर्षांनी मोठा. माणसाला साधारण चौथ्या वर्षापासूनचं थोडंफार आठवतं, म्हणजे तुमच्या आठवणीत तो आठ वर्षांचा असल्यापासून आहे. तुम्ही सासरी गेलात तेव्हा तो 28 वर्षांचा होता. वहिनी त्यानंतर आल्या असाव्यात. भाच्याने त्याला पाहिलं ते सात वर्षं, त्यातली पहिली तीन तर त्याला आठवणारही नाहीत. आईकडे सगळंच आहे, पण आईने पाहिलेला मुलगा आणि बहिणीने पाहिलेला भाऊ यांत फार अंतर असतं. आईला न कळवता काय काय झालं ते बहिणीलाच ठाऊक असतं. म्हणजे आठ ते अठ्ठावीस ही दादाची वीस वर्षं आतल्या बाजूने पाहिलेलं माणूस आता जगात एकच उरलंय. ती वीस वर्षं वहिनींना कधीच मिळाली नव्हती. आणि मोठा झाल्यावर भाचा ज्या वयाच्या बापाला शोधेल, तो बाप नेमका त्याच वीस वर्षांत आहे: दहावीचा, मिसरूड फुटलेला, वडिलांशी भांडणारा.

आणि तुमच्या पूर्ण पत्रात त्या वीस वर्षांतली एकही ओळ नाही. त्याचा शेवटचा दिवस आहे, शेवटची भेट आहे, शेवटचं भांडण आहे. अचानक गेलेल्या माणसाचं असंच होतं. मरण इतकं मोठं होऊन समोर बसतं की त्याच्या मागे उभी असलेली त्रेचाळीस वर्षं दिसेनाशी होतात. माझा सगळा सल्ला एवढाच आहे की ती वर्षं परत पुढे आणा. आणि हे काम मनातल्या मनात होत नाही, कागदावर होतं.

एक साधी दोनशे पानी वही घ्या. ‘माझा दादा’ असा निबंध मात्र लिहू नका, तो पाचव्या ओळीत अडकेल आणि सहाव्या ओळीत खोटा होईल. बारीकसारीक गोष्टी लिहा, जशा आठवतील तशा, मागेपुढे. घरातला टेपरेकॉर्डर पहिल्यांदा कुणी उघडला आणि त्यातलं काय उरलं? त्याला पहिला शॉक कधी बसला, आणि वडिलांनी समजूत घातली की वर एक ठेवून दिली? शाळेत तुम्हाला सायकलवर तो न्यायचा का, दांडीवर की कॅरिअरवर? ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ निघतो तेव्हा तो दोराला हात लावायला कुठे उभा राहायचा, आणि घरी गुलालाने माखून आल्यावर आई काय म्हणायची? मोटार भरायला कुणाकडे शिकला? आयटीआय केलं की कुणाच्या तरी दुकानात वार्निशचा वास घेत, तांब्याची तार गुंडाळत हात बसवला? जेवताना त्याला काय आवडायचं नाही? कोणती शिवी तोंडात होती? हो, शिवीसुद्धा. ‘प्रेमळ होता’ हे लिहिलंत तर ते दहा हजार माणसांना लागू पडतं. ‘भाकरी कडक नसेल तर परत करायचा’ हे लिहिलंत की तुमचा दादा दारात उभा राहतो.

आता ते देवमाणसाचं.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, ही आपली जुनी शिकवण आहे आणि दहाव्याला जमलेल्या लोकांत ती बरीच. तिथे कुणी हिशेब काढत बसू नये. पण घरातल्या माणसांनी नऊ महिने तीच एक ओळ म्हणत राहिलं की एक घोटाळा होतो: देवमाणसाची आठवण काढता येत नाही, फक्त त्याला हात जोडता येतात. तुम्हाला आतून खोटं वाटतंय ते तुमचं मन काळं आहे म्हणून नव्हे. तुम्हाला तुमचा खरा दादा हवाय, आणि लोक तुमच्या हातात फोटो देताहेत.

हक्कसोडीबद्दल स्पष्ट बोलते. 2005 साली कायदा बदलला, तेव्हापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आणि जन्मापासून आहे. तेव्हा सही करताना तुम्हाला जे टोचलं त्यात हाव नव्हती. दादाने विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही कदाचित हसत सही केली असती. आपल्याकडच्या कितीतरी बहिणी माहेर तुटू नये म्हणून करतात, आणि भावांना ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की विचारायचं असतं हेच ठाऊक नसतं. दादा त्या बाबतीत चारचौघांसारखाच वागला. चुकला. आणि तोच दादा भाऊबीजेला दोन तास जमिनीवर बसून तुमची मोटार दुरुस्त करून गेला.

ती त्याची माफी होती, असं मी म्हणणार नाही. तुम्हीही लगेच म्हणू नका. कदाचित होती. कदाचित त्याला बिघडलेल्या मोटारीचा आवाज सहनच होत नसेल आणि तो कुणाच्याही घरी हेच करता. आता ते कळायचं नाही आणि त्याच्या वतीने उत्तर द्यायचा अधिकार मला नाही. पण ज्या माणसाला बोलून मोकळं होता येत नाही तो हातात पाना घेऊन बसतो, हे आपण दोघीही आपल्या घरांतल्या पुरुषांत पाहिलेलं आहे. वहीत दोन्ही लिहा. हक्कसोडीचा दिवस एका पानावर, बेअरिंगचा दिवस दुसऱ्या पानावर, मध्ये ‘पण’ किंवा ‘तरीही’ न घालता. आणि तुमचे ते तुटक महिनेही लिहा. त्यासाठी स्वतःला झोडपू नका. ज्या भावाशी रागावता येतं तोच जवळचा असतो, परक्यावर कुणी सात महिने रुसत नाही. (मिळकतीचा विषय पुन्हा काढायचा की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. तो वकिलाला विचारायचा, आणि तोही वर्ष उलटल्यावर. दुःखात केलेली सही आणि दुःखात केलेलं भांडण, दोन्ही नंतर महागात पडतात.)

उधारीची वही उघडा. मला वाटतं, तुमच्याकडे आलेली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे, आणि वसुलीसाठी नव्हे. तिच्यात नावं आहेत, गावं आहेत, तारखा आहेत, आणि त्याचं अक्षर आहे. द्राक्षाचा मुलूख आहे तुमचा. ऑक्टोबरची छाटणी झाली की बागेला पाणी चुकवून चालत नाही, आणि शेतीची थ्री-फेज लाइट पाळीपाळीने येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्री दोनला पाणबुडी मोटार जळाली तर शेतकरी पहाटे कुणाच्या दारात उभा राहायचा? त्या वहीतली माणसं हीच. त्यांतल्या कुणाचे पैसे तीन वर्षं थकलेत आणि तरी पुढच्या पानावर त्याचीच दुसरी मोटार भरून दिलेली आहे, ते बघा. कुणाच्या नावापुढे काट मारलीय आणि रक्कम जमा मात्र दिसत नाही, तेही बघा. नुसती पानं उलटलीत तरी त्याचा स्वभाव आकड्यांत लिहिलेला सापडेल. आणि कदाचित काही ठिकाणी तो चिवट, कडक दुकानदारही सापडेल. सापडला तर तोही आपलाच.

त्या वहीतल्या पाच-सहा माणसांना गाठा. दादाच्या हाताखाली जो पोरगा काम करायचा तो आता कुठेतरी दुसरीकडे लागला असेल, त्याला आधी. त्याने दादाचे दिवस तुमच्यापेक्षा नि वहिनींपेक्षाही जास्त पाहिलेत. पण ‘दादा कसा होता?’ असं विचारू नका, पुन्हा देवमाणूसच ऐकायला मिळेल. विचारा, ‘दादा चिडायचा कशावर?’ ‘त्यानं शिकवलेली कोणती गोष्ट अजून तशीच करतोस?’ ‘दुकानात गिऱ्हाईक नसलं की करायचा काय?’ मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्याला सांगून. दहा मिनिटं पुरतात. फाइलला नाव आणि तारीख लगेच घाला, नाहीतर वर्षभराने ‘रेकॉर्डिंग 14’ म्हणजे कोण ते कुणालाच सांगता यायचं नाही. वसुलीचं बोलणं त्याच दिवशी काढू नका. ते चुलत्यांना किंवा दुसऱ्या कुणाला करू द्या.

हे परक्यांना विचारत फिरणं तुम्हाला विचित्र वाटेल, म्हणून एक आठवण करून देते. 1296 साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. थोरले बंधू निवृत्तिनाथ, जे गुरूही होते, ते त्या वेळी कसे कोलमडले हे सातशे वर्षांनंतर आपल्याला माहीत आहे ते नामदेवांच्या अभंगांमुळे. नामदेव घरातले नव्हते. स्नेही होते, आणि त्यांनी ते शब्दांत धरून ठेवलं. दर वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत त्या प्रसंगाचं कीर्तन होतं आणि माणसं आजही रडतात. ज्ञानी थोरल्या भावाचं रडणं आपल्या परंपरेने लपवलेलं नाही, उलट सांगत ठेवलंय. घरातल्या माणसाला दुःखात जे दिसत नाही ते बाहेरच्याला दिसतं, आणि त्याच्याकडून मागून घेण्यात कमीपणा नाही.

वहिनींच्या रिचार्जबद्दल. लोक ‘कशाला पैसे घालवते’ म्हणत असतील तर त्यांना गप्प करा, कारण ती बाई सध्या घरात सगळ्यात व्यवहारी वागतेय. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला जातो. मग एक दिवस दादाच्या नावासमोर परक्याचा फोटो दिसतो. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनाच त्याची कळ माहीत. व्हॉट्सॲपचं खातं 120 दिवस कुणी वापरलं नाही तर सहसा काढून टाकलं जातं. गुगलचं खातं दोन वर्षं तसंच पडून राहिलं तर गुगल ते फोटोंसकट पुसू शकतं. शिवाय बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येत असणार. म्हणून नंबर चालू राहू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तुमच्या स्वतःच्या मोबाइलमधलं दादाबरोबरचं चॅट आजच्या आज मीडियासकट एक्स्पोर्ट करा. त्याचे व्हॉइस मेसेज, अगदी ‘पोचलीस का गं’ एवढेसे, वेगळे काढून दोन ठिकाणी ठेवा: एक पेन ड्राइव्हवर, एक ईमेलवर. फोटो लोकांकडे भरपूर असतात. आवाज मात्र फार थोड्यांकडे उरतो, आणि माणूस गेल्यावर आठवणीतून आधी आवाज निसटला असं सांगणारी पत्रं मला सारखी येतात. फेसबुकवर तो असेल तर मृत्यूचा दाखला देऊन ते खातं स्मृतिखातं करून घेता येतं. मग त्याच्या वाढदिवसाला ‘शुभेच्छा द्या’ अशी आठवण लोकांना जात नाही. हे सगळं वहिनींना विचारून. त्याचा मोबाइल आता त्यांचा आहे, आणि नवराबायकोत काय बोलणं झालं ते नणंदेने वाचू नये.

जुने अल्बम आईसमोर उघडा. आई दिवसभर त्याचंच बोलते म्हणालात ना? तुम्हाला ते ऐकवत नाही हे समजतं, पण त्या बोलण्याला काम द्या. प्रत्येक फोटोत कोण आहे, कुठला आहे, कुणाच्या लग्नातला आहे, ते विचारा आणि फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, ते पुढच्या बाजूला उमटतं. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो असतील तर जोर लावून सोलू नका, फाटतात. तिथल्या तिथेच दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता मोबाइलवर काढून घ्या. आईचं रडणं थांबणार नाही. पण ‘माझं लेकरू गेलं’ पासून ‘हा आगाऊ, मामाच्या लग्नात रुसून बसला होता’ इथपर्यंत ती अधूनमधून येईल.

भाच्याचं मात्र थांबवून ठेवू नका, हे दिवाळीच्या आधी व्हायला हवं. सात वर्षांच्या मुलाला ‘देवाघरी गेले’ म्हटलं की तो विचारणारच, परत कधी येणार. घरी गेलेला माणूस परत येतो हेच त्याला माहीत आहे. वहिनींनी, किंवा त्यांना झेपत नसेल तर त्यांच्या समोर तुम्ही, साध्या शब्दांत सांगा: ‘बाबांचं हृदय अचानक बंद पडलं. दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. बाबा वारले. वारलेला माणूस परत येत नाही. तू काही केलंस म्हणून झालं नाही.’ शेवटचं वाक्य विसरू नका. मुलांना मनातून वाटत असतं की आपण हट्ट केला, अभ्यास केला नाही, म्हणून झालं. तो ऐकेल आणि पाच मिनिटांनी खेळायला पळेल. तसंच करतात मुलं. मग चार दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न विचारेल, तेव्हा पुन्हा तेच उत्तर द्या, शब्द न बदलता. आणि घरी येणारे-जाणारे त्याच्या डोक्यावर हात ठेवून ‘आता तूच घरातला कर्ता’, ‘आईला तुझाच आधार’ म्हणत असतील तर पाहुण्यांचा मान बाजूला ठेवून त्यांना तिथेच अडवा. सात वर्षांचा पोर कर्ता नसतो. तो दुसरीत असतो.

त्याला दादाच्या गोष्टी सांगायला तुम्ही आत्या आहात. चांगलं वागायची शिकवण म्हणून नकोत, ‘तुझे बाबा कधी असं करायचे नाहीत’ म्हणून तर मुळीच नकोत. बाबांनी टेप उघडला आणि आजोबांचा मार खाल्ला, ही गोष्ट त्याला हवीय.

भाऊबीज. पहिल्या वर्षी घरात सण करत नाहीत, फराळाची कढई चढत नाही, शेजारीपाजारी आणि नातेवाईक डबे आणून देतात. ती रीत मला आवडते, त्यात दुःखाला जागा ठेवलेली आहे. पण बहिणीचं काय? आपल्याकडे ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. द्वितीयेची बारीक कोर असते, सूर्य मावळल्यावर पश्चिमेला थोडा वेळ दिसते आणि लवकर बुडते. तुम्ही ओवाळायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. काही बायकांना त्याने हलकं वाटतं. काहींना ‘मला भाऊ नाही’ असं जाहीर केल्यासारखं होतं आणि त्या नको म्हणतात. दोन्ही बरोबर. मी तुमच्या जागी असते तर त्या दिवशी पुण्यात थांबले नसते. तासगावला जा. ओवाळायला नाही, राहायला. वहिनी त्याच्याबद्दल बोलत नाहीत म्हणून त्यांच्याशी बोलायला जाऊ नका. त्यांच्या शेजारी बसून भाजी निवडा. त्यांना बोलायचं असेल तर बोलतील. तुमच्याजवळ त्याची वीस वर्षं आहेत, त्यांच्याजवळ पुढची. अदलाबदल कधीतरी होईल, पण सुरुवात त्यांच्याकडून होऊ द्या. सुना फार गोष्टी सासरच्यांसमोर गिळून बसलेल्या असतात.

चुलत्यांचा फ्लेक्स. मी फ्लेक्सच्या विरोधात आहे हे वाचकांना माहीत आहे, त्यामुळे माझं मत पारखून घ्या. त्यावर आधार कार्डासारखा फोटो येतो, खाली पंधरा शोकाकुलांची नावं येतात, त्यांत दोन भावी नगरसेवक असतात, आणि पाऊस पडला की तोच फ्लेक्स कुणाच्या तरी वैरणीवर झाकायला जातो. बाकडं त्यातल्या त्यात बरं, त्यावर निदान माणूस बसतो. पण दादाचा आणि एसटी स्टँडचा संबंध काय? त्याचं सगळं आयुष्य मोटारीत गेलं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन वर्षांचे ट्रेड असतात. तिथे येणारी कितीतरी मुलं अशी असतात की ज्यांना स्वतःचा मल्टिमीटर नि चांगली पक्कड घेणं परवडत नाही. वर्षश्राद्धाच्या खर्चातून तिथल्या शिक्षकांना विचारून एका मुलाला हत्यारांचा संच द्या. पुढच्या वर्षी जमलं तर पुन्हा. दादाची स्वतःची हत्यारं दुकानात असतील, ती मात्र एवढ्यात कुणाला देऊन टाकू नका. दुकान ठेवायचं, भाड्याने द्यायचं की विकायचं हे वहिनी ठरवेपर्यंत तिथली वस्तू हलवू नका. चुलत्यांना हे तुम्ही सांगण्यापेक्षा वहिनींच्या नावाने जाऊ दे. त्यांचा शब्द वर्षश्राद्धाच्या बाबतीत शेवटचा असायला हवा. चुलत्यांनी फ्लेक्स लावलाच, तर लावू द्या. त्यांचाही पुतण्या गेलाय आणि त्यांना त्याहून दुसरं काही सुचत नाही.

दोन गोष्टी तुमच्यासाठी. वर्षभरानंतरही झोप येत नसेल, कामात लक्ष लागत नसेल, त्याच्याशिवाय जगण्यात अर्थच नाही असं रोज वाटत असेल, तर ते ‘होईल हळूहळू’ म्हणून सोडू नका. आणि जीव नकोसा वाटला तर वर्षाची वाट बघूच नका, त्याच दिवशी बोला. सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या नंबरवर दिवसरात्र चालते, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. हाच नंबर वहिनींच्या मोबाइलमध्येही घालून ठेवा, कशासाठी ते न सांगता.

दुसरी, आणि ही आत्ताची. सख्ख्या भावाला 55 च्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल तर डॉक्टर ते भावंडांच्या बाबतीत जोखमीचं कारण धरतात. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या आणि डॉक्टरांना भावाचं वय स्वतःहून सांगा, ते विचारायची वाट बघू नका. बायकांच्या छातीत दुखण्याला आपल्याकडे ॲसिडिटी म्हणायची पद्धत आहे. भाऊबीजेला तासगावला जायच्या आधी रिपोर्ट हातात असू द्या.